छोट्या पाणबुडीच्या बॅटरीतला हायड्रोजन बाहेर कसा काढायचा

एक-दोन माणसांची पाणबुडी कोणी दाखवायला लागलं की मी आधी विचारतो, चार्जिंगच्या वेळी बॅटरीचा वायू जातो कुठे? बहुतेक वेळा उत्तर येतं, "बॅटऱ्या सीलबंद आहेत." एवढ्यावर मी थांबत नाही. सीलबंद एजीएम (आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेली) किंवा जेल बॅटरीलाही दाब सोडणारा वॉल्व असतोच. जास्त चार्ज झाली की तो उघडतो आणि हायड्रोजन बाहेर येतो.

तो किती येईल हे आधी कागदावर मांडा. पाणी घालाव्या लागणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीत एका सेलमधून एक ॲम्पिअर-तास जादा गेला की साधारण 0.42 लिटर हायड्रोजन तयार होतो. 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या म्हणजे 24 सेल. चार्जिंग संपत आल्यावर 5 ॲम्पिअर असे वाया जात असतील, तर तासाला 50 लिटर झाले. पॉडमध्ये, म्हणजे बॅटऱ्या ठेवायच्या बंद पेटीत, मोकळी जागा 60 लिटर धरा. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की मिश्रण पेटू शकतं, म्हणजे इथे अडीच लिटरही पुरेत. पॉड बंद असेल तर तीन मिनिटांत तेवढा जमतो. पेटवायला लागणारी ठिणगी सुमारे 0.02 मिलिजूलची, डोळ्यांना दिसणारही नाही अशी. म्हणून झाकण लावून चार्जिंग करायचं नाही, कितीही घाई असली तरी.

हायड्रोजन हवेच्या चौदापट हलका, तेव्हा बाहेर जायची वाट सगळ्यात उंच जागी ठेवा आणि ताजी हवा समोरच्या टोकाला तळातून येऊ द्या. वरच्या उदाहरणात प्रमाण 1 टक्क्याखाली ठेवायला मिनिटाला 85 लिटर हवा लागते. मी दुप्पट धरतो, कारण पाइपच्या वळणांत प्रवाह बराच मरतो. पॉड केबिनच्या बाहेर असेल तर पंख्याने ताजी हवा आत ढकला, म्हणजे मोटरला वायू लागतच नाही. बॅटऱ्या केबिनमध्येच असतील तर मात्र हवा खेचूनच बाहेर न्या, नाहीतर वायू केबिनभर पसरेल. तिथे ठिणगी न पाडणारा पंखाच हवा, ब्रशची मोटर अजिबात नको. फ्यूज आणि कॉन्टॅक्टरही (मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बॅटरीच्या कप्प्यात नकोत.

चार्जिंग सुरू करण्याआधी पंखा लावून टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी वरच्या प्रत्येक कोपऱ्यात धरून बघा. जिथे ती हलत नाही तिथे वायू साचणार. कप्प्याच्या छताखालच्या आडव्या पट्ट्यांच्या वरच्या कडेला भोकं पाडली की बहुतेक अशा जागा मोकळ्या होतात. चार्जर हवेच्या प्रवाहावर चालणाऱ्या स्विचला जोडा, पंख्याच्या विजेला नाही. पाइप तुंबला तरी पंखा फिरतच राहतो. पाइपच्या तोंडावर तळहात ठेवा. चार्जर बंद पडला नाही तर जोडणी चुकली आहे.

चार्जिंग संपलं तरी प्लेटांना बुडबुडे चिकटलेले असतात आणि पाणबुडी उचलताना हादरा बसला की ते सुटतात. निदान तासभर पंखा चालू द्या, मग पाणबुडी जरा हलवा, वरच्या कोपऱ्यात हायड्रोजन मोजणारा मीटर धरा आणि मगच झाकण लावा. चार्जरचे क्लॅम्प काढण्याआधी तो स्विचवरून बंद करा. मीटर कॅटॅलिटिक (वायू तापलेल्या सेन्सरवर जाळून मोजणारा) असेल तर सिलिकॉनपासून जपा. सीलंटच्या वाफेने सेन्सर निकामी होतो आणि आकडा शून्यच दाखवत राहतो. म्हणून तो अधूनमधून चाचणीच्या गॅसवर तपासायलाच हवा.

बॅटरीचा प्रकार बदलला की धोका टळतो, असंही नाही. 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन नेव्ही यार्डात ई-2 या अमेरिकी पाणबुडीत हायड्रोजनचा स्फोट होऊन माणसं दगावली, तेव्हा तिच्यात एडिसनच्या निकेल बॅटऱ्या होत्या. लिथियम बॅटरी एरवी वायू सोडत नाही, पण भडकली की त्या धुरातही हायड्रोजन असतो.

पाण्याखाली असताना कमकुवत सेलवर लक्ष ठेवा. बाकीचे सेल त्याच्यातून करंट ढकलत राहिले की त्याची ध्रुवता उलटते, म्हणजे प्लस-मायनस अदलाबदल होतात, आणि डिस्चार्ज होतानाही तो हायड्रोजन सोडतो. पॅनेलवर प्रत्येक बॅटरीचा व्होल्टेज वेगळा दिसू द्या, जुन्या-नव्या बॅटऱ्या एका रांगेत जोडू नका. एखादी बाकीच्यांपेक्षा झपाट्याने खाली यायला लागली की वर या.

वर आल्यावर पॉडचे बोल्ट एकदम काढू नका, आत दाब असू शकतो. आधी वॉल्वने तो सोडा, मग मीटर लावा. क्लोरीनचा वास आला तर आत खारं पाणी शिरलंय. लगेच बाजूला व्हा, सगळ्यांना वारा जिकडून येतोय त्या बाजूला न्या.