मोंढ्यातली आडत आणि अंधेरीतली फी

नाट्यशास्त्राची पदवी घेऊन २०१२ च्या दिवाळीनंतर मी औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. आठव्या दिवशी अभिनयाची कामं मिळवून देणाऱ्या अंधेरीतल्या एका एजन्सीत ३० हजार रुपये भरले. ‘रजिस्ट्रेशन आणि पोर्टफोलिओ’, म्हणजे नोंदणी आणि फोटोंचा संच, असं त्या रकमेला नाव होतं. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या रानातलं जवळपास दहा क्विंटल सोयाबीन त्यात गेलं.

पैशांसाठी घरी फोन केला तेव्हा वडील म्हणाले, “मोंढ्यातला अडत्या बी माल इकल्यावरच आडत कापतो. ह्यो आधीच कशाचे पैशे मागायलाय?” मी म्हणालो, “दादा, या लाईनीत असंच असतं.”

या लाईनीत असं नसतं, हे मला वर्षभराने कळलं. नाट्यशास्त्र विभागातून बाहेर पडणाऱ्या, युवक महोत्सव आणि राज्य नाट्य स्पर्धा गाजवून मुंबईची गाडी धरणाऱ्या मुलामुलींना ते आधीच कळावं म्हणून लिहितोय.

पैसा कुठून कुठे जातो ते आधी समजून घ्या. कास्टिंग डायरेक्टरला, म्हणजे भूमिकांसाठी कलाकार निवडणाऱ्याला, पैसे देतो निर्माता. त्यामुळे ऑडिशनसाठी कलाकाराने पैसे द्यायचा प्रश्नच येत नाही. एजंट किंवा को-ऑर्डिनेटर काम मिळवून देतो आणि तुमच्या मानधनातून ठरलेला हिस्सा कापतो. तो बहुतेक १० ते २० टक्क्यांच्या आसपास असतो. मालिकेचं मानधन अनेकदा शूटिंगनंतर ९० दिवसांनी मिळतं, म्हणजे एजंटही तेवढे दिवस थांबतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने तर काम मिळवून देण्याच्या नावाखाली कलाकाराकडून आगाऊ पैसे घेण्यावर २०१० पासून कायद्यानेच बंदी घातली आहे.

आधीच पैसे घेतलेल्या माणसाची कमाई त्याच दिवशी झालेली असते. त्यानंतर तुमच्यासाठी कोणाला फोन करायची त्याला गरज उरत नाही. मला त्या एजन्सीकडून वर्षभरात दोन ऑडिशनचे निरोप आले. दोन्ही ठिकाणी गेलो तर तिथे उघडी ऑडिशन चालू होती, रस्त्यावरून कुणीही आत जाऊ शकत होतं.

यापेक्षा जास्त लागलं ते पावतीमुळे. ओळखीच्या वकिलांना दाखवली तर त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं: ‘छायाचित्रण सेवा’. कामाचा, भूमिकेचा, मालिकेचा त्यात कुठे उल्लेखच नव्हता. फोटो मला मिळाले होते, बारा, चकचकीत कागदावर. तोंडी दिलेला शब्द कागदावर नव्हता, आणि कागदावर होतं ते त्यांनी पुरं केलेलं होतं. म्हणून सांगतो, पावतीवर नेमकं काय लिहिलंय ते पैसे देण्याआधी वाचा. ‘रिफंडेबल डिपॉझिट’ म्हणत असतील तर कधी आणि कोणत्या अटीवर परत, ते लिहून मागा. करारात तुम्हाला दोन-तीन वर्षं दुसऱ्या कुणाकडून काम घ्यायची मनाई आहे का, तेही बघा. पैसे एकवेळ भरून निघतील, वय निघत नाही.

खर्च लागतच नाही असं मी म्हणत नाही. खोलीचं भाडं, लोकलचा पास, चांगले फोटो, एखादी कार्यशाळा, हे सगळं लागतं. पण फोटोचे पैसे फोटोग्राफरला द्यायचे, आणि तो तुम्ही निवडायचा. ‘आमच्याच माणसाकडून काढावे लागतील’ असं एजंट म्हणाला की उठून या. सुरुवातीला मोबाईलवर, खिडकीच्या उजेडात काढलेले साधे फोटो चालतात. नाव, वय, उंची, गाव सांगणारा आणि दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवणारा छोटा व्हिडिओ मात्र नीट करा. आता पहिली फेरी बहुतेक त्यावरच होते. ‘आर्टिस्ट कार्ड काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासूनही सांभाळा. सिंटा ही कलाकारांची संघटना १९५८ पासून आहे. तिचं सभासदत्व हवं असेल तर अर्ज आणि पैसे थेट तिच्याकडेच द्या.

हे मुंबईतच घडतं असंही नाही. संभाजीनगर, लातूर, नांदेडला हॉटेलचा हॉल घेऊन ‘बालकलाकारांची ऑडिशन’ भरते. फॉर्मचे पाचशे रुपये. चार दिवसांनी फोन येतो, मूल निवडलं गेलं, आता ग्रूमिंगचे, म्हणजे कॅमेऱ्यासमोर वावरायच्या तयारीचे, २५ हजार भरा. पालकांनी रांगेतल्या बाकीच्यांचे नंबर घेऊन ठेवावेत. सगळ्यांचीच मुलं निवडली गेली असतील तर काय ते समजेल. वाहिनीचं नाव घेत असतील तर मालिकेच्या निर्मिती संस्थेला थेट विचारा.

मला पहिलं काम विभागातल्या एका सिनियरमुळे मिळालं. त्याने माझी एकांकिका पाहिली होती. आपल्याकडची माणसं आधीही नाटकाच्याच वाटेने गेली. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था औरंगाबादेतच उभी राहिली आणि मग मुंबईत गेली. माझं काम दोन दिवसांचं होतं. पैसे चौथ्या महिन्यात आले, को-ऑर्डिनेटरने १५ टक्के कापून. वडिलांना हिशेब सांगितला तर म्हणाले, “ही झाली आडत.”

पैसे आधीच दिले असतील तर गप्प बसू नका. चॅट, पावती, यूपीआयचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. ऑनलाइन दिले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड होतं. पोलिसांत तक्रार द्या. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. आणि फसलोय हे कळेल त्याच दिवशी घरी सांगा. मी आठ महिने लावले. वडील माझ्यासोबत अंधेरीला आले तेव्हा त्या ऑफिसच्या दारावर दुसराच बोर्ड होता.