पाच किलोमीटरच्या आतली दुकानं: अडलेली क्वेरी कशी सुटली
आमच्या ॲपमध्ये ‘जवळची औषधाची दुकानं’ उघडलं की चक्र नुसतं फिरत राहायचं. रात्री औषध शोधणारा माणूस असा ताटकळतोय, हे मला सहन होईना.

त्यामागची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसचा नकाशावरच्या ठिकाणांसाठीचा विस्तार) चालते. तिच्यावर एक्स्प्लेन ॲनालाइझ चालवलं, म्हणजे डेटाबेस कोणत्या मार्गानं उत्तर शोधतो तो प्लॅन पाहिला, तर ‘सीक्वेन्शियल स्कॅन’: अख्खं टेबल ओळीनं चाळणं. जिस्ट इंडेक्स (ठिकाणं पटकन शोधून देणारी सूची) होता, पण वापरलाच जात नव्हता. अट होती ‘एसटी_डिस्टन्स (दोन ठिकाणांमधलं अंतर मोजणारं फंक्शन) ५००० मीटरपेक्षा कमी’. म्हणजे पुण्यातल्या माणसासाठी नागपूरच्या दुकानाचंही अंतर आधी मोजायचं, मग ते गाळायचं! तिथे एसटी_डीविदिन, म्हणजे ‘इतक्या अंतराच्या आत आहे का’ तपासणारं फंक्शन, लिहिलं. ते इंडेक्समधून आसपासच्या चौकटीतले बिंदू उचलतं आणि तेवढ्यांचंच नेमकं अंतर मोजतं.

तरी ढिम्म. खरी मेख इथे होती: ठिकाणांचा कॉलम जॉमेट्री प्रकारचा (सपाट प्रतलावरचे बिंदू), एसआरआयडी ४३२६ (अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीचा क्रमांक), म्हणजे एकक अंश. मीटर मिळावेत म्हणून क्वेरीत मी तो जिऑग्राफीत (पृथ्वीच्या गोलाईवर मीटरमध्ये मोजणारा प्रकार) कास्ट करत होतो, म्हणजे बदलून घेत होतो, इंडेक्स मात्र मूळ कॉलमवर. अंशातच त्रिज्या द्या, असं काहीजण सुचवतात. मला ते पटत नाही. पुण्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण १०५ किलोमीटर, अक्षांशाचा ११०च्या वर. वर्तुळाची लंबवर्तुळं होतात.

शेवटी कास्ट केलेल्या रूपावरच नवा जिस्ट इंडेक्स बांधला, टेबलवर ॲनालाइझ चालवून डेटाबेसकडची त्याची आकडेवारी ताजी केली. प्लॅनमध्ये ‘इंडेक्स स्कॅन’ उमटलं आणि यादी बोट उचलायच्या आत समोर आली.