मुलाला बेसबॉलपटूची शिस्त लावताय? या चुका टाळा

आमचा मुलगा अकरा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी तो तीनदा बॅटिंगला गेला आणि तिन्ही वेळा स्ट्राइकआउट होऊन, म्हणजे तीन संधी हुकवून बाद होऊन, परतला. घरी येताना गाडीत मी वीस मिनिटं बोलत होतो. पाय कुठे होता, बॅट उशिरा का आली, बुधवारी सरावाला दांडी का मारलीस. तो मागच्या सीटवर ग्लव्ह मांडीवर घेऊन बसला होता. ग्लव्हची सुटलेली चामड्याची वादी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. घर आल्यावर त्याने विचारलं, "बाबा, पुढच्या शनिवारी नाही गेलो तर चालेल?"

मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक बेसबॉल लीगचे, खेळाडू प्रत्यक्षात दिवस कसा काढतात, हे मी त्यानंतर नीट वाचायला आणि पाहायला लागलो. त्याआधी मला त्यांची फक्त मेहनत दिसत होती. आता न्यू जर्सीच्या मैदानांवर मुलांना मदत करताना आपल्याच मराठी घरांतले आईबाप माझ्याच चुका करताना दिसतात. मुलांवर माया असते, पैसा आणि वेळ दोन्ही खर्च करतात, आणि नेमकं नको तेच उचलतात. म्हणून हे लिहितोय.

एक आकडा आधी डोक्यात पक्का बसवा: १६२. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ इतके सामने खेळतो. महिन्याला सुटीचे दिवस जेमतेम तीन-चार. संध्याकाळी सातचा सामना असला की खेळाडू दुपारी एक-दोनलाच मैदानावर हजर. मग फिजिओ, जाळीतला सराव, व्हिडिओ, मैदानावरची बॅटिंग, थोडं खाणं, सामना, नंतर पुन्हा बर्फ नाहीतर व्यायाम. घरी पोचायला मध्यरात्र, आणि उद्या पुन्हा हेच. आज सगळी ताकद संपवून टाकणारा माणूस इथे सहा महिने टिकत नाही. त्यांची प्रत्येक सवय उद्याच्या सामन्यासाठी अंग आणि डोकं शाबूत ठेवायला असते. हे नजरेआड झालं की पुढच्या चुका होतात.

क्रिकेटच्या हिशेबाने अपयश मोजणं

आपण क्रिकेटवर वाढलो. शून्यावर बाद झाला की दिवस वाया गेला, हे आपल्या हाडीमासी खिळलेलं. बेसबॉलमध्ये त्याच माणसाला त्याच दिवशी चार वेळा बॅट मिळते, आणि दहापैकी तीन वेळा हिट मारणारा (चेंडू मारून निदान पहिल्या बेसवर सुखरूप पोचणारा) उत्तम समजला जातो. १९४१ साली टेड विल्यम्सची सरासरी .४०६ होती, म्हणजे हजार वेळा बॅटिंगमागे ४०६ हिट. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल, या मेजर लीगच्या दोन्ही विभागांत पूर्ण मोसमात कोणाला .४०० गाठता आलेलं नाही. म्हणजे त्या वर्षी तोसुद्धा दहापैकी सहा वेळा चुकत होता.

ॲरन जज २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडून पहिल्यांदा खेळला. २७ सामने, ८४ वेळा बॅटिंग, त्यात ४२ स्ट्राइकआउट. बरोबर निम्मे. सरासरी .१७९. हा आकडा त्याने स्वतःच्या फोनमध्ये लिहून ठेवला आणि रोज समोर येऊ दिला. पुढच्या वर्षी त्याने ५२ होम रन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले. पण त्याच वर्षी तो २०८ वेळा स्ट्राइकआउटही झाला. ही दोन्ही वाक्यं मुलाला एकत्र सांगा, नुसतं पहिलं सांगू नका. आणि "विसरून जा रे" असंही म्हणू नका. जज विसरला नव्हता. आकडा त्याने जवळ ठेवला आणि पुढच्या चेंडूसाठी हात मोकळे ठेवले.

गाडीतला क्लास

ही माझी चूक, म्हणून जरा जास्त सांगतो. सामना संपल्यावर पहिला तासभर मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही. आपण सांगतो ते बरोबर असलं तरी त्याला ऐकू येतो तो आपला सूर.

व्यावसायिक खेळाडू चुका तपासतातच, पण तपासणीची वेळ आणि जागा ठरलेली असते. सॅन डिएगोचा टोनी ग्विन हे यातलं सर्वांत मोठं उदाहरण. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संघ बाहेरगावी असताना त्याच्या बायकोने टीव्हीवरून त्याची बॅटिंग टेप करायला सुरुवात केली. ती टेप पाहून त्याला आपला दोष सापडला. पुढे तो दौऱ्यावर व्हिडिओचं सामान बरोबर घेऊन फिरायचा. वीस वर्षांत ३,१४१ हिट, सरासरी .३३८, आठ वेळा लीगमधली सर्वोच्च सरासरी. रागाच्या भरात जे आठवतं ते बहुतेकदा चुकीचं असतं. टेप खोटं बोलत नाही.

आमच्या घरात आता नियम असा आहे की गाडीत सामन्याचा विषय मी काढायचा नाही. त्याने काढला तर ऐकायचं. "भूक लागलीय का?" एवढं विचारायची मुभा आहे. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर, त्याला हवं असेल तर, फोनवरचे दोन-तीन व्हिडिओ बघतो. एका वेळी एकच गोष्ट. पहिले दोन महिने मला हे फार जड गेलं. तिसऱ्या महिन्यात तो आपणहून म्हणाला, "बाबा, माझा पुढचा पाय लवकर उघडतोय का बघ ना." मी हेच वर्षभर सांगत होतो.

कुंपणाबाहेरून सूचना

मेजर लीगमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ६० फूट ६ इंचांवर असतो. तिथून ताशी ९५ मैलांनी सुटलेला चेंडू साधारण ०.४ सेकंदात पोचतो. बारा वर्षांच्या मुलांचा पिचर ४६ फुटांवर असतो, चेंडू सावकाश येतो, तरी हातात जेमतेम अर्धा सेकंद. त्यात "कोपर वर! डोकं खाली!" ऐकून मूल काय करणार? मोठे खेळाडू विचार सरावात करतात आणि बॅट घेऊन उभं राहिल्यावर फक्त चेंडू बघतात. त्या वेळी आपण शांत राहायचं. नावाने हाक मारून "शाब्बास" म्हणा, बास.

मेहनतीचे तास मोजणं, हाताचे चेंडू न मोजणं

माझ्या मते सर्वांत धोक्याची चूक ही. मेजर लीगचा मुख्य पिचर साधारण दर पाचव्या दिवशी पिचिंग करतो. मधल्या दिवसांत काय करायचं हे ठरलेलं असतं: एक दिवस हलकी फेक, एक दिवस वजनं, एक दिवस थोडं बुलपेन (सामन्याबाहेरचा पिचिंगचा सराव). तो सगळा आराम मोजूनमापून असतो. आणि आपली मुलं? शनिवारी गावच्या संघाकडून, रविवारी बाहेरगावी स्पर्धा खेळणाऱ्या ट्रॅव्हल संघाकडून, मंगळवारी खासगी कोचकडे. दोन संघ, दोन वह्या, बेरीज कोणीच करत नाही.

मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल ही अमेरिकेची बेसबॉल संघटना यांनी मिळून वयाप्रमाणे मर्यादा आखून दिल्या आहेत. ९-१० वर्षं: दिवसाला जास्तीत जास्त ७५ चेंडू. ११-१२: ८५. १३ ते १६: ९५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा जास्त चेंडू टाकले तर चार दिवस पिचिंग बंद. ५१ ते ६५ असतील तर तीन दिवस, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. वर्षातून किमान चार महिने पिचिंग नको, आणि त्यातले दोन-तीन महिने सलग डोक्यावरून फेकणंच नको. पिचिंग झाल्यावर त्याच सामन्यात कॅचर (बॅट घेतलेल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून उभं करू नये, हेही त्यात आहे. कारण कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकत असतो.

एक खिशातली वही ठेवा आणि चेंडूंची बेरीज स्वतः करा. कोच कितीही भला असला तरी त्याला कालच्या दुसऱ्या संघातले चेंडू माहीत नसतात. मी एकदा हे एका कोचना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आज अंतिम सामना आहे हो." मी मुलाला खाली उतरवलं. आम्ही हरलो, दोन घरांनी महिनाभर बोलणं टाकलं. त्याचं वाईट वाटलं, पण निर्णयाबद्दल आजही मनात शंका नाही.

खुणा ओळखा: इनिंग संपल्यावर हात झटकत राहणं, कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं, चेंडू अचानक उंच जायला लागणं, कोपर पूर्वीपेक्षा खाली येणं. यातलं काहीही दिसलं की फेक थांबवा. "बर्फ लाव, उद्या बघू" म्हणू नका. दुखणं राहिलं तर हाडांच्या डॉक्टरकडे जा. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी मेजर लीगचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरातला अस्थिबंध (लिगामेंट) बदलला, १९७६ मध्ये तो परतला आणि पुढे बरीच वर्षं खेळला. तेव्हापासून "ऑपरेशन करून घेतलं की झालं" असं बोललं जातं. टॉमी जॉन तेव्हा एकतीस वर्षांचा व्यावसायिक खेळाडू होता. तुमचं मूल सातवीत आहे.

पहाटे पाचला उठवणं

"लवकर निजे, लवकर उठे" हे खरंच आहे, पण आपण दुसऱ्या अर्ध्याचीच सक्ती करतो. रात्री नऊला सराव संपलेला, साडेदहाला जेवण, बारापर्यंत गृहपाठ, आणि पहाटे पाचला पळायला. व्यावसायिक खेळाडू मध्यरात्री घरी येतो तसा सकाळी उशिरापर्यंत झोपतोही. मेजर लीगमधला जपानी खेळाडू शोहेई ओहतानी तर झोपेला सरावाइतकंच मानतो. पळणं कमी करा, झोप कापू नका.

त्याचं काम आपण करणं

ओहतानीचाच एक तक्ता आता सगळीकडे फिरतो. जपानमध्ये हायस्कूलला असताना त्याने ८१ चौकोन आखले. मध्यभागी ध्येय: व्यावसायिक संघांच्या निवडीत आठ संघांनी पहिली पसंती द्यावी. भोवती शरीर, वेग, नियंत्रण, मन असे आठ विषय, आणि प्रत्येकाखाली आठ छोट्या गोष्टी. त्यातला एक 'नशीब', आणि त्याखाली काय, तर कचरा उचलणं, नमस्कार करणं, खोली आवरणं, साहित्य जपणं, पंचांशी नीट वागणं. मला हे फार भावतं. नशीब आकाशातून पडत नाही, माणसं आपल्याकडे कशी बघतात त्यावरही ते थोडं अवलंबून असतं, हे त्या वयात त्याला कळलं होतं.

पण आपल्याकडे काय होतं? बाबा संगणकावर सुंदर तक्ता करतात, चौसष्ट चौकोन स्वतःच भरतात आणि फ्रीजवर लावतात. मुलगा दूध काढताना तो तक्ता बघतसुद्धा नाही. ओहतानीने आपले चौकोन आपल्या हाताने भरले होते. तुमच्या मुलाने नऊच भरले तरी चालतील, पण अक्षर त्याचं हवं.

तेच बॅगेचं. सिॲटलच्या इचिरो सुझुकीने २००४ मध्ये एका मोसमात २६२ हिट मारून १९२० पासूनचा विक्रम मोडला. २०२५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. इतका मोठा खेळाडू सामन्यानंतर आपला ग्लव्ह स्वतः पुसायचा, तेल लावायचा. संघात ती कामं करायला माणसं असतात, तरीही. ग्लव्ह पुसता पुसता सुटलेली वादी दिसते, तडा दिसतो, आणि दिवस संपल्याचं हातांना कळतं. आमच्याकडे जुना टूथब्रश आणि ग्लव्हच्या तेलाची छोटी बाटली दाराशी असते. मुलगा कधी पाच मिनिटं बसतो, कधी पंधरा. हरल्याच्या दिवशी जास्त वेळ बसतो. आम्ही मध्ये बोलत नाही.

सवय आणि अंधश्रद्धा यांची गल्लत

वेड बॉग्ज प्रत्येक सामन्याआधी चिकन खायचा आणि ३,०१० हिट मारून निवृत्त झाला. मुलांना असल्या गोष्टी आवडतात आणि लगेच "हाच मोजा घालणार" सुरू होतं. रागावू नका, पण एक प्रश्न विचारा: मोजा हरवला तर काय करशील? तोंड उतरलं, तर त्याला दुसरी सवय द्या, जी कोणी चोरू शकत नाही. बॅटिंगच्या चौकोनाबाहेर एक पाऊल, एक लांब श्वास, बॅटवरच्या नावाकडे एक नजर. रोज त्याच क्रमाने.

तंबाखू

टोनी ग्विनची टेप उचला, पण त्याच्या ओठाआडची तंबाखू नको. तो लाळग्रंथीच्या कर्करोगाने २०१४ मध्ये ५४ व्या वर्षी गेला, आणि त्या आजाराचं कारण तंबाखूच असं तो स्वतः मानत होता. २०१६ च्या करारानंतर मेजर लीगमध्ये येणाऱ्या नव्या खेळाडूंना चघळायच्या तंबाखूची मनाई झाली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुटीत गावी गेलो की मैदानाच्या कडेला तळहातावर मावा मळणारी पोरं दिसतातच. सॉफ्टबॉल, बेसबॉल, क्रिकेट, काहीही खेळा, त्या हातांना थांबवा.

खालच्या संघात टाकलं म्हणून रुसणं

टोरांटोचा पिचर रॉय हॅलडे २००० साली इतका ढासळला की नऊ इनिंगमागे सरासरी १०.६४ धावा देत होता. २००१ मध्ये त्याला थेट खालच्या, ए दर्जाच्या लीगमध्ये पाठवलं. तिथे त्याने हाताचा कोन बदलला आणि हार्वी डॉर्फमन या मानसिक प्रशिक्षकाच्या मदतीने एका वेळी एकाच चेंडूचा विचार करायला शिकला. २००३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला. २०१० मध्ये त्याने एक परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर पोचू दिलं नाही, आणि त्याच वर्षी प्लेऑफमध्ये एकही हिट न देता सामना जिंकला.

आपल्याकडे मुलाला बी संघात टाकलं की आधी आपलंच नाक कापलं जातं. "दुसऱ्या क्लबात घालतो" म्हणून आपण तिरमिरीत फोन करतो. फोन करा, पण कोचला तीनच गोष्टी विचारा: तिथे याला आठवड्यात किती वेळा बॅट मिळेल? कोणती एक गोष्ट सुधारायची आहे? पुन्हा कधी बघाल? उत्तरं मुलासमोर ऐका आणि दुसरी गोष्ट त्यालाच लिहून घेऊ द्या.