लवंग, गवती चहाच्या तेलाची जिवाणूरोधक चाचणी: या चुका टाळा

जिवाणू पेरलेल्या प्लेटवर लवंग तेलाच्या डिस्कभोवती (कागदी चकतीभोवती) १८ मिमीचा झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेली मोकळी जागा; शेजारी जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा २२. बीएस्सी-एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये यावरून सर्रास लिहिलं जातं की तेल जवळजवळ अँटिबायोटिकच्या तोडीचं आहे. पण डिस्कवर तेल टाकलेलं असतं १० मायक्रोलिटर, म्हणजे साधारण १० मिलिग्रॅम. जेंटामायसिनच्या डिस्कमध्ये असतं १० मायक्रोग्रॅम. हजारपट फरक! ती डिस्क तेलाशी बरोबरी करायला नसतेच, प्लेट नीट लागली की नाही हे सांगायला असते. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाण म्हणून वापरल्या जाणाऱ्या जिवाणूवर तिचा झोन १९ ते २६ मिमीत बसला नाही, तर त्या दिवशीची तेलाची मापंही वहीत घेऊ नका.

बाकीच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच: तेल पाण्यात विरघळत नाही आणि हवेत उडतं.

झोन दरवेळी वेगळा येतो

आधी आगर, म्हणजे जिवाणू ज्यावर वाढतात ते घट्ट माध्यम, बघा. म्युलर-हिंटन आगर लिटरला ३८ ग्रॅम. ९० मिमीच्या प्लेटमध्ये २५ मिली ओतलं की ४ मिमीचा थर बसतो. १०० मिलीत चारच प्लेट होतात. पाचवी काढायला गेलात की थर पातळ होतो आणि झोन फुगतो. जिवाणूंचं सस्पेन्शन ०.५ मॅकफर्लंडला (गढूळपणाच्या प्रमाण मापाला) जुळवून १५ मिनिटांच्या आत स्वॅबने (कापसाच्या बोळ्याने) प्लेटवर पसरवा. जास्त गढूळ असेल तर झोन आकसतो. ६ मिमीच्या कागदी डिस्कवर १० मायक्रोलिटरपेक्षा जास्त तेल टाकलं तर ते मुरत नाही, आगरवर ओघळतं आणि झोन एका बाजूला लांबट दिसतो.

निगेटिव्ह कंट्रोलभोवतीही (तेल नसलेल्या डिस्कभोवती) झोन दिसला, तर दोष बहुधा वाफेचा. गवती चहाच्या तेलातला सिट्रल झाकणाखाली पसरतो आणि शेजारच्या डिस्कचे झोनही वाढवतो. एका प्लेटमध्ये एकच तेल ठेवा, कडेला पॅराफिल्म लावा. शंका असेल तर डिस्क झाकणाच्या आतल्या बाजूला ठेवून प्लेट उलटी इनक्युबेट करा. स्पर्श न होताही जागा मोकळी झाली, तर काम वाफेनेच केलं.

एमआयसी काढताना

झोनपेक्षा एमआयसीवर (वाढ थांबवणाऱ्या तेलाच्या सर्वांत कमी प्रमाणावर) विश्वास ठेवा, पण इथे तेल तरंगतं (लवंगेचं पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसतं). पहिल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खड्ड्यात) सगळं तेल आणि पुढे नुसता ब्रॉथ (जिवाणू वाढवायचं द्रव माध्यम), असा प्रकार होतो. त्यासाठी ४० मायक्रोलिटर तेल, १०० मायक्रोलिटर १० टक्के ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य) आणि ८६० मायक्रोलिटर ब्रॉथ मिनिटभर व्हॉर्टेक्सवर (घुसळणाऱ्या यंत्रावर) ढवळा. पहिल्या वेलमध्ये यातलं २०० मायक्रोलिटर. पुढच्या प्रत्येक वेलमध्ये १ टक्का ट्वीन असलेला ब्रॉथ १०० मायक्रोलिटर, साधा नव्हे. नाहीतर ट्वीनही तेलाबरोबर निम्मं होत जातं आणि परिणाम कशाचा ते कळत नाही. १०० मायक्रोलिटर पुढे सरकवत न्या, शेवटच्या वेलमधलं टाकून द्या. मग ०.५ मॅकफर्लंड १:१५० पातळ करून प्रत्येकात १०० मायक्रोलिटर घाला. पहिल्या वेलमध्ये तेल २ टक्के राहतं, ट्वीन सगळीकडे ०.५.

हे मिश्रण मुळातच दुधाळ असतं, त्यामुळे गढूळपणावरून वाचू नका. इनक्युबेशननंतर रेझाझुरिन हे रंगद्रव्य घाला: निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर आहे. तेल आहे पण जिवाणू नाहीत असा एक वेल ठेवाच, कारण काही तेलं स्वतःच रंग बदलवतात. प्लेट पॉलिस्टायरिनची असेल तर लिंबूवर्गीय तेलातलं लिमोनिन ती चक्क विरघळवतं, पॉलिप्रोपिलीनची घ्या.

तेलच खराब

गवती चहाच्या तेलाचा थेंब फिल्टर पेपरवर टाका. दुसऱ्या दिवशीही तेलकट डाग असला तर त्यात खाद्यतेलासारखं न उडणारं तेल मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. बाटली गडद काचेची, गळ्यापर्यंत भरलेली, ४ अंशांवर. अर्धी रिकामी बाटली वर्षभर टेबलावर राहिली की तेल ऑक्सिडाइज होतं आणि मागच्या बॅचचे आकडे पुन्हा येत नाहीत.

स्युडोमोनास एरुजिनोसावर झोन आला नाही म्हणून मात्र चाचणी पुन्हा करत बसू नका. त्याचं बाहेरचं पटल आणि आत आलेलं बाहेर फेकणारे पंप बरीच तेलं अडवतात. वहीत "झोन नाही" असंच लिहा.