आधी विजार, मग कार्मेन

ऑपेरा शिकायला जर्मनीत यायचं म्हणणाऱ्या मुलींचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, विशीत सुरुवात म्हणजे फार उशीर ना?" मी लाटव्हियाची मेझो-सोप्रानो (बायकांतला मधल्या पट्टीचा आवाज) ऑपेरागायिका एलिना गरांचा हिचं नाव घेते.

गरांचा १९७६ची, रीगाची. आई गायिका आणि गायनशिक्षिका, वडील वृंदगायनाचे संचालक. लाटव्हियात तसंही समूहगान अंगात मुरलेलं. १८७३ साली सुरू झालेल्या गीतमहोत्सवात आजही हजारो माणसं एका सुरात गातात. अशा घरातल्या या पोरीला मात्र नटी व्हायचं होतं. अभिनयाच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला नाही, आणि १९९६ साली, म्हणजे विशीत, ती लाटव्हियन संगीत अकादमीत गायनाला दाखल झाली. मेझो-सोप्रानोचा आवाज भरायला तिशी उजाडते, त्यामुळे विशीत आपलं काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते घाईनं. माझंच सांगते.

इथे नाट्यगृहं गायकांची चाचणी घेतात, तिला फॉरझिंगन म्हणतात. साधारण पाच आरिया, म्हणजे ऑपेरातली एकट्यानं गायची गाणी, तयार ठेवायच्या. पहिली आपल्या पसंतीची, पुढची ते मागतील ती. तेविसाव्या वर्षी मी एका मोठ्या नाट्यगृहात बिझेच्या ऑपेराची नायिका कार्मेन, तिची हबानेरा ही आरिया घेऊन उभी राहिले. समोर काळोख, मध्ये टेबलावर एक दिवा, त्यामागे तीन डोकी. पहिलं कडवं संपतंय तोच आवाज आला: "डांके." धन्यवाद, बस्स. साथीला असलेल्या पियानोवाल्या काकांनी नोटेशन मिटून हातात दिलं आणि हळूच विचारलं, "केरुबिनो नाही का बसवलास?" नव्हता बसवला. मोत्सार्टच्या ऑपेरातल्या त्या पोरसवदा मुलाचं काम कोण करणार, असा माझा तोरा!

आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून उभे राहायचे. इथे उलटं, तरुण मेझोला विजार चढवावी लागते. या भूमिकांना जर्मनमध्ये नावच आहे, होझेनरोले, विजारीची भूमिका. गरांचाची पहिली नोकरी जर्मनीतल्या माइनिंगेनच्या नाट्यगृहात. गाव जेमतेम पंचवीस हजार वस्तीचं, पण तिथल्या वाद्यवृंदानं १८८५ साली ब्राम्सची चौथी सिंफनी पहिल्यांदा वाजवली, तीही खुद्द ब्राम्सच्या संचालनाखाली. तेव्हा छोटं गाव म्हणून नाक मुरडू नका. तिथे तिनं रिचर्ड श्ट्राउसच्या ऑपेरातला ऑक्टाव्हियन गायला, सतरा वर्षांचा प्रेमवीर. १९९९ साली हेलसिंकीची मिर्याम हेलिन स्पर्धा जिंकली, पुढे फ्रँकफर्टच्या ऑपेरात गेली. २००३ मध्ये झाल्झबुर्गला वाद्यवृंद-संचालक आर्नोनकूरच्या हाताखाली मोत्सार्टचा आनियो, पुन्हा विजारच. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये ती २००८ साली रोसिनीच्या 'बार्बर ऑफ सेव्हिल'मधली रोझिना म्हणून पहिल्यांदा उभी राहिली. तिथली तिची कार्मेन आली ३१ डिसेंबर २००९ला. आणि ऑक्टाव्हियन? त्याला तिनं त्याच रंगमंचावर २०१७ साली निरोप दिला.

लहान नाट्यगृहातल्या मोसमागणिक वाढणाऱ्या करारात एका मोसमात चार-पाच भूमिका पदरात पडतात. दिवसा एकीची तालीम, रात्री दुसरीचा प्रयोग. मोठ्या ठिकाणी याच वयात तुम्ही दासी होऊन तबक धरून उभ्या असता. तालमी जर्मनमध्ये चालतात. भाषा कच्ची असेल तर दिग्दर्शकाची कुजबुज कळत नाही आणि आपण भलत्याच विंगेतून येतो. (अनुभव आहे, तपशील नको.) आणि एक तारीख कॅलेंडरवर लाल करा: पुढच्या मोसमाला करार वाढणार नसेल, तर तसं पत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यावं लागतं. तो महिनाभर नाट्यगृहात चहासुद्धा दबक्या आवाजात प्यायला जातो.

माझ्या पाचांत आता पहिला केरुबिनोच असतो. गाणं लवकर बसलं, उभं राहणं बसेना. गुडघे आपोआप जवळ यायचे. शेवटी सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा चुलतभाऊ बसथांब्यावर कसा उभा राहतो ते चार दिवस बघितलं. सगळा भार एका पायावर, दुसरा सैल, हात खिशात. चाचणीला मी तशीच उभी राहते.