लाळेतल्या अँटिबॉडी तपासताना या चुका टाळा

कोरोनानंतर ‘अँटिबॉडी’ हा शब्द मिरजेपासून विट्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला. मग हिरड्यांतून रक्त येणारा पेशंट विचारतो, “डॉक्टर, लाळ तपासून पायरिया किती आहे ते कळेल का?” थोडंफार कळतं. मात्र ही तपासणी अजून मुख्यतः संशोधनात वापरतात, आणि तिथंही गफलती होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आकड्यालाच आजार समजणं. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा पायरियातला एक महत्त्वाचा जंतू. त्याच्याविरुद्धची आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) जास्त निघाली, तर शरीराची त्या जंतूशी गाठ पडलेली आहे, एवढंच म्हणता येतं. दाताभोवतीचं हाड आज झिजतंय, की काही वर्षांपूर्वी झिजून थांबलंय, हे त्यातून समजत नाही. ते प्रोब (हिरडीच्या खाचेची खोली मोजायची खुणांची बारीक सळई) आणि एक्स-रेच सांगतात. प्रोब हिरडीत 3 मिलिमीटरपर्यंत गेला तर सहसा काळजी नसते. 4 किंवा जास्त गेला आणि रक्तही आलं, तर तिथं लक्ष द्यावं लागतं.

लाळ आणि हिरडीच्या खाचेतला द्रव एकच समजू नका. लाळेतली मुख्य अँटिबॉडी आयजीए, ती लाळग्रंथींकडून येते. आयजीजी बहुतेक रक्तातून येते आणि दात-हिरडीच्या खाचेतून झिरपत तोंडात उतरते. त्यामुळे लाळेचा आकडा म्हणजे सगळ्या तोंडाची सरासरी. एकाच दाढेला 7 मिलिमीटरचं पॉकेट, म्हणजे खोल झालेली खाच असेल, तर ते त्या सरासरीत हरवून जातं. खाचेतला द्रव कागदी पट्टीवर दातागणिक घेता येतो, पण तो थेंबभरही नसतो. लाळ लागली की पट्टी बाद.

कराड किंवा सांगलीच्या डेंटल कॉलेजात कुणी अभ्यासासाठी नमुना द्यायला बोलावलं, तर हे सांभाळा. निदान तासभर आधी काही खाऊ नका. वाटेत भडंग खाल्लं की तोंडाला पाणी सुटतं, लाळ पातळ होते आणि आयजीए कमी दिसते. म्हणून चांगल्या अभ्यासात मिनिटाला किती लाळ आली, तेही मोजतात. ते लिहिलेलं नसेल तर आयजीएच्या आकड्यावर माझा तरी फारसा विश्वास बसत नाही. लाळ खाकरून थुंकू नका, मान खाली घालून आपोआप नळीत ओघळू द्या. नमुना देताना तोंड स्वच्छ असावं म्हणून घरून निघताना खसाखसा ब्रश करणारेही बरेच. हिरडीतून रक्त आलं की सगळंच बिघडतं. रक्तात डेसिलिटरला साधारण 700 ते 1600 मिलिग्रॅम आयजीजी असते, लाळेत त्या मानाने नगण्य. म्हणजे थेंबभर रक्तानेही आकडा वर जातो. नमुना लालसर दिसला तर तो टाकून दुसरा घ्यायला सांगा, संकोच नको.

आकडा कमी पण दात हलतोय, असंही होतं. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांत या अँटिबॉडी बऱ्याचदा कमी आढळतात, आणि त्यांच्या हिरड्यांतून रक्तही कमी येतं. ‘रक्त येत नाही म्हणजे हिरड्या चांगल्या’ हा समज त्यांना महागात पडतो. मशेरी लावणाऱ्या बायका तर डॉक्टरांना ती सांगतच नाहीत. त्यांच्या लेखी ती तंबाखू नसतेच, दात घासायची पूड असते. विचारलं नाही तरी सांगा. शुगरचंही तसंच. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक वर्गीकरणात मधुमेह असून एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 7 टक्के किंवा जास्त असेल, तर हिरड्यांचा आजार सगळ्यात वेगवान श्रेणीत धरतात. तिथं अँटिबॉडीचा आकडा विचारात घेतलेला नाही.

दात साफ केल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा लाळ तपासायची घाई करू नका. रक्तातली आयजीजी निम्मी व्हायलाच सुमारे 3 आठवडे लागतात, शिवाय शरीर नवी तयार करत राहतं. उपचार लागू पडला की नाही, ते साधारण 6 ते 12 आठवड्यांनी प्रोबने पुन्हा मोजून ठरतं. त्या दिवशी जुना एक्स-रे आणि शुगरचा ताजा रिपोर्ट सोबत न्या.