गावात विज्ञान केंद्र काढताय? या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात शाळेबाहेरचं विज्ञान केंद्र सुरू होऊन सहा वर्षं झाली. ग्रामपंचायतीची जुनी खोली, दोन कपाटं, एक सूक्ष्मदर्शक, पक्कड-पेचकस आणि रविवारी जमणारी पोरंपोरी. आजूबाजूच्या गावांतून लोक येऊन विचारतात, "आमच्याकडंही सुरू केलं होतं भाऊ, चार महिन्यांत बंद पडलं. काय चुकलं असन?" बहुतेकांचं तेच चुकलेलं असतं जे आमचंही चुकलं होतं. सामान आधी आणलं आणि पोरांचा दिवस कसा जातो ते नंतर पाहिलं.

किल्ली मोठ्यांच्या खिशात

पहिल्या वर्षी देणगीतून सूक्ष्मदर्शक मिळाला. खराब होऊ नये म्हणून पेटीत घालून कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली समितीच्या एका ज्येष्ठ सभासदाकडं दिली. ते दिवसभर शेतात. पोरं यायची, कपाटाकडं पाहायची आणि परत जायची. पोळ्यानंतर पेटी उघडली तेव्हा भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढली होती. पेटीतल्या स्पंजानं पावसाळाभर ओल धरून ठेवली होती.

म्हणून पावसाळ्यात सूक्ष्मदर्शक पेटीत कोंडू नका. हवेशीर जागी, स्वच्छ कापडाखाली ठेवा, आठवड्यातून एकदा तरी वापरा आणि भिंगाला बोट लागू देऊ नका. किल्ली आता नववीतल्या दोघींकडं असते. कोणी काय घेतलं, कधी परत दिलं, ते त्या वहीत लिहितात. तेव्हापासून आजवर काही काचपट्ट्या फुटल्या आणि एक दिवा गेला. एवढं नुकसान सोसायची तयारी नसेल, तर सामान आणूच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

वावरातलं विज्ञान सोडून बाहेरचं आणणं

आम्ही सुरुवातीला ज्वालामुखीचं मॉडेल केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि विसरली. मग एका कार्तिकात सातवीतला एक मुलगा घरच्या कपाशीचं बोंड घेऊन आला. वरून हिरवंगार, धड. पण ब्लेडनं चिरलं तर आत सरकीला लागून गुलाबी अळी, नखाएवढी, आणि तिच्याभोवती पिवळी पडलेली रुई. त्या दिवशी खोलीत कोणालाच बाहेर जायचं नव्हतं.

पुढच्या हंगामात पोरांनी कामगंध सापळे लावले. या सापळ्यातल्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो, म्हणून त्यात नर पतंग येतात. रोज सकाळी पतंग मोजायचे, वहीत लिहायचे आणि आलेख काढायचा. एका सापळ्यात सलग ३ रात्री ८ किंवा जास्त पतंग सापडले, तर बोंडअळीनं नुकसानीची पातळी गाठली असं कृषी खातं सांगतं. पोरांची वही पाहायला बापमाणसं यायला लागली. सरासरी म्हणजे काय, हे मला फळ्यावर शिकवावंच लागलं नाही. एक गोष्ट मात्र कडक पाळा: पोरांनी फक्त मोजायचं. फवारणीच्या जवळपासही त्यांना नेऊ नका. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, ते कोणी विसरलेलं नाही.

अकोला, अमरावती, बुलढाण्याकडच्या लोकांजवळ खारपाण पट्टा आहे. तिथं विहिरी-बोअरच्या पाण्याची क्षारता मोजणं हेच वर्षभराचं काम होईल.

बाराच्या ठोक्याला सावली शोधणं

शून्य सावली दिवस म्हणजे सूर्य बरोबर माथ्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो दिवस. तो आमच्याकडं फसला होता, आणि असाच फसलेला मी आणखी दोन गावांत पाहिला. यवतमाळात हा दिवस २२ मेच्या सुमारास येतो, नागपुरात २६ मेला. शाळा तेव्हा बंद असतात, म्हणून हे काम केंद्रानंच करावं. आम्ही पहिल्या वर्षी चौकात फूटभर पाइप उभा केला आणि साऱ्यांना बारा वाजता बोलावलं. बारा वाजले, तरी पाइपच्या बुडाशी बोटभर रुंद सावली होतीच. पाच मिनिटं वाट पाहून, ऊन खात लोक घरी गेले.

चूक घड्याळावर विसंबण्याची होती. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आणि आम्ही ७८ अंशांच्या जवळ. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आमच्याकडं सूर्य साधारण १७ मिनिटं उशिरा माथ्यावर येणार. दुसऱ्या वर्षी हा हिशेब पोरांनीच मांडला. सावली मात्र १२ वाजून १४ मिनिटांच्या आसपासच पाइपात शिरली. उरलेली ३ मिनिटं कुठं गेली, या प्रश्नावर पुढचे दोन रविवार गेले. पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि आसाचा कल इथपर्यंत आम्ही पोचलो. पाइप ओळंब्यानं सरळ उभा करा, पोरांना निंबाच्या सावलीत बसवा, पाण्याचा माठ जवळ ठेवा. जुलैत हा दिवस पुन्हा येतो, पण ढगांमुळं बहुतेकदा हाती काही लागत नाही.

मुली का येत नाहीत, हे त्यांना न विचारणं

शाळेच्या दिवसांत आमचा वर्ग संध्याकाळी पाचला असायचा. हजेरीवहीत मुलींच्या नावापुढं दिवाळीनंतर नुसत्या फुल्या. आम्ही म्हणायचो, मुलींना आवड नाही. एकीच्या घरी गेलो तेव्हा तिची आई म्हणाली, "पोरगी हुशार हाये हे मले समजते भाऊ. पन वेचनीले बाया भेटत नाहीत, आन् आमच्या घरची रोजी कोन देईन?" शेजारच्या गावांतल्या मुलींची अडचण आणखी वेगळी होती. त्या मानव विकासच्या, म्हणजे शाळकरी मुलींसाठीच्या सरकारी योजनेतल्या बसनं येतात. शाळा सुटली की बस निघते, मग पाचच्या वर्गाला त्या थांबणार कशा?

आता बसच्या मुलींसाठी मधल्या सुट्टीत शाळेतच बसतो. वेचणीच्या दिवसांत गावातल्या मुलींचा वर्ग रात्री साडेसातला अंगणवाडीच्या ओसरीवर, त्यांच्याच मोहल्ल्यात होतो, आणि गावातली एक मावशी सोबत बसते. वेळ ठरवायची असेल तर आधी एसटीचं वेळापत्रक आणि शेतीचा हंगाम पाहा. कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून येणारी पोरं सुरुवातीला गप्प असतात. घरी ती कोलामी बोलतात. त्यांना वस्तूंची नावं त्यांच्या भाषेत सांगू द्या, मग मराठी शब्द लिहा.

महागड्या किटचा मोह

रोबोटिक्सचं किट घेण्याआधी एकच विचारा, याचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळतो का? नसेल तर नको. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी भूमिती शिकवली, ती मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमातून आली. ते साहित्य आमच्या सायकलवाल्याकडंही मिळतं.

कागदपत्रं शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

हे रूक्ष वाटेल, पण पुढचं शिक्षण इथंच अडतं. आठवीतली एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन जिल्ह्याच्या निवड यादीत आलेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी पालकांचं वार्षिक उत्पन्न ३.५ लाखांच्या आत हवं. दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून काढायला वेळ लागतो, आणि बँक खात्यावरचं नाव आधारशी जुळत नाही. म्हणून शाळा उघडल्याबरोबर, जूनअखेरीलाच आठवीतल्यांची यादी करा आणि प्रत्येकाचं पासबुक, आधार समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. किल्लीवाल्या दहावीनंतर अकरावीला यवतमाळला जातात. त्यांच्या जागी कोण येणार, तेही याच बैठकीत ठरवून घ्या.